आतड्यातले जंतू आणि सोयाबीनच्या गोळ्या

मासिक पाळी थांबण्याच्या सुमारास अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घाम फुटतो, झोप मोडते. यावर उपाय म्हणून सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनी आता आपल्या सुरतेतही आहेत. हळदीकुंकवाला त्यांची चर्चा ऐकावी, तर एक म्हणते, "मला महिन्या-दोन महिन्यांत उतार पडला," आणि तिचीच जाऊ म्हणते, "माझे पैसे फुकट गेले." डबी तीच, मात्राही तीच. मग फरक पडला कोठे? याचे सगळे नाही, तरी बरेचसे उत्तर आतड्यात वस्ती करून असणाऱ्या जंतूंपाशी आहे.

जंतू म्हटले की आपण नाक मुरडतो. पण मोठ्या आतड्यातील बहुतेक जंतू हे रोग करणारे नसून घरातल्या गड्यांसारखे राबणारे आहेत.

स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या अंतःस्रावाशी घडणीने थोडीफार जुळणारी द्रव्ये काही वनस्पतींत असतात. कुलपात दुसरी किल्ली शिरावी, पण पुरती फिरू नये, तसे त्यांचे काम चालते. सोयाबीनमध्ये ही द्रव्ये साखरेशी जखडलेली असतात आणि तशीच्या तशी ती रक्तात फारशी जात नाहीत. आतड्यातील पाचक रस आणि जंतू मिळून ही गाठ सोडवतात, तेव्हा डेडझीन नावाचे द्रव्य मोकळे होते. पुढे काही जणांच्या पोटातील जंतू त्याचे इक्वॉल बनवतात. हे इक्वॉल डेडझीनपेक्षा अधिक जोराने काम करते.

इक्वॉल प्रथम हाती लागले ते १९३२ साली गाभण घोडीच्या मूत्रात. म्हणून घोड्याच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले. पुढे १९४० नंतर पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतातील द्रव्याचे मेंढीच्या पोटातील जंतू इक्वॉल करीत होते, हा उलगडा मागाहून झाला. जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना सोयाबीन चारले, तर इक्वॉल मुळीच होत नाही; इक्वॉल करणाऱ्या माणसाचे जंतू त्यांच्या पोटात सोडले, की होऊ लागते. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? अशा एका जंतूला फिनलंडचे शास्त्रज्ञ हरमन अडलरक्रॉइट्झ यांचे नावही देण्यात आले आहे.

पाश्चात्य देशांत १०० पैकी सुमारे ३० जणांच्याच पोटात इक्वॉल बनते. जपान, कोरिया, चीन येथे निम्म्याहून थोड्या अधिक. म्हणजे त्या दोघी जावांत एकीच्या आतड्यात कारागीर असतील, दुसरीच्या नसतील. मात्र इक्वॉल बनते म्हणून गुण येतोच, असेही छातीठोकपणे सांगवत नाही. काही चाचण्यांत तसे दिसले, काहींत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. संक्रांतीच्या तिळगुळातले तीळ आणि खानदेशातून आलेल्या घरांतली जवसाची चटणी यांतही याच जातीची लिग्नान नावाची द्रव्ये आहेत, आणि त्यांनाही जंतूच एंटरोलॅक्टोनचे रूप देतात. अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर पडतो. कुटलेल्या जवसातून हे द्रव्य रक्तात अधिक उतरते. आपल्या आज्या जवस भाजून कुटत, ते चवीसाठी. पण त्यात हाही लाभ होता. प्रतिजैविक औषधांनी मात्र हे कारागीर मरतात. ती औषधे घेतलेल्यांच्या रक्तात एंटरोलॅक्टोन कमी असते, असे फिनलंडमध्ये २००२ साली दाखवण्यात आले. वैद्याने दिली तर ती अवश्य घ्यावीत. सर्दी-पडशासाठी आपल्या मनाने दुकानातून आणू नयेत.

जपानात २०१४ पासून जंतूंकडून आधीच इक्वॉल करवून घेतलेल्या गोळ्याही मिळतात. पण कोणत्याही गोळ्या घेण्यापूर्वी दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर सोयाबीनमुळे ती अंगी कमी लागते, म्हणून दोहोंच्या वेळांत अंतर ठेवावे लागते. आणि स्तनाचा कर्करोग पूर्वी झालेला असेल, तर त्यांच्या संमतीवाचून ही डबी उघडूच नये.