डोळ्याचे इंजेक्शन हृदयाला का चालत नाही?

प्रश्न : मधुमेहामुळे बाबांच्या डोळ्यात नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या. त्या आटाव्यात म्हणून नागपूरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन देतो. आता हृदयाच्या धमनीतही ब्लॉकेज निघाले. त्यातही नव्या रक्तवाहिन्या फुटतात असे वाचले. मग तेच इंजेक्शन हृदयासाठी का देत नाहीत?
— एक वाचक, लाखनी

उत्तर : तुमच्या मनात आले तेच बोस्टनच्या ज्यूडा फोकमन आणि कॅरन मोल्टन यांच्याही मनात आले होते. धमनीत चरबीचा थर जाड झाला की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. त्या व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि धमनीच्या बाहेरच्या अंगाने केसाहून बारीक वाहिन्या थरात शिरतात. या वाहिन्या कच्च्या असतात. बांदीच्या धुऱ्याला खेकड्यांनी बिळे पाडली की पाणी झिरपून धुरा आतून पोकळ होतो, तसेच इथे होते. झिरपलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्या आवरणातले कोलेस्टेरॉल थरातच साचते, सूज वाढते आणि एखाद्या दिवशी थर फाटतो. तिथे गुठळी धरली की हार्ट अटॅक.

१९९९ मध्ये या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना अशा वाहिन्या रोखणारी औषधे दिली. एंडोस्टॅटिनने थराची वाढ सुमारे ८५ टक्के आणि टीएनपी-४७० ने सुमारे ७० टक्के कमी झाली. आशा वाटावी असेच हे आकडे होते.

अडचण माणसाच्या शरीरात आहे. व्हीईजीएफ हे धमनीच्या आतल्या अस्तराचेही पोषण करते. २००४ पासून कर्करोगासाठी वापरात असलेले बेव्हॅसिझुमॅब हे औषध व्हीईजीएफला रोखते. ते शिरेतून घेणाऱ्यांचा रक्तदाब वाढतो, जखमा लवकर भरत नाहीत आणि काहींना चक्क हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होतो. ज्या संकटातून वाचवायचे, तेच ओढवायचे! शिवाय धमनी अरुंद झाल्यावर हृदय स्वतःच बारीक पर्यायी वाहिन्या तयार करते. त्याही खुंटू शकतात.

डोळ्यात हेच औषध चालते ते मात्रेमुळे. तिथे साधारण १.२५ मिलिग्रॅम पुरते. कर्करोगात वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ३०० मिलिग्रॅम, तेही दर दोन-तीन आठवड्यांनी. धमनीतल्या थरापुरतेच औषध पोचवण्याची रोजच्या उपचारात वापरता येईल अशी सोय अजून नाही.

त्यामुळे बाबांची स्टॅटिनची गोळी मनाने बंद करू नका. ती कोलेस्टेरॉल घटवते आणि थराचे वरचे आवरण मजबूत करते; वाहिन्या फुटायला लावणारी सूजही तिने उतरते. खर्रा खात असतील तर तो मात्र आजच सुटला पाहिजे, यात मी तडजोड सुचवणार नाही.

आणि पुढच्या इंजेक्शनला जाताना हृदयाचे सगळे कागद डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर ते त्यांना सुई टोचण्याआधी कळायला हवे.