रानात वाट चुकल्यास : सहलीपूर्वी द्यावयाचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

परभणी जिल्हा हा बहुतांशी गोदावरी व पूर्णा या नद्यांच्या काठचा काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आहे. तथापि उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूस बालाघाटच्या टेकड्या आहेत. नेमगिरीची जैन लेणी व येलदरीचे धरण ही शालेय सहलींची आवडती स्थळे जिंतूर तालुक्यातच येतात. अशा सहलीत एखादे मूल बोरे वेचीत मागे राहते आणि टेकडीच्या दुसऱ्या अंगास उतरून दिसेनासे होते. त्या पुढील काही तासांत त्याचे काय होईल, हे त्याला शाळेत आधी काय शिकविले होते यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

पाठाचा उद्देश

भ्यालेले मूल धावते. धावताना ते आल्या वाटेपासून दूर जाते, घामाने अंगातील पाणी गमावते आणि शोधणाऱ्यांच्या हाकेच्या टप्प्याबाहेर पडते. म्हणून या पाठाचा गाभा एकच आहे : वाट चुकली असे वाटताच थांबावे. बाकीची सर्व कौशल्ये त्यानंतरची होत.

शिक्षकांची पूर्वतयारी

मुलांची यादी, जाण्यायेण्याचा मार्ग व परतीची वेळ लिहून मुख्याध्यापकांजवळ ठेवावी. मुलांच्या जोड्या लावाव्यात व प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची जबाबदारी घ्यावी. एक शिक्षक पुढे व एक सर्वांत मागे असावा. प्रत्येक मुक्कामी व तेथून निघताना मोजणी करावी. प्रत्येक मुलाजवळ पाण्याची बाटली, शिट्टी आणि लाल किंवा पिवळ्या रंगाचे फडके असावे.

पाठाचे मुद्दे

१. थांबणे. मुलाने जवळच्या मोठ्या झाडाखाली किंवा खडकापाशी बसावे व तेथून हलू नये. शोधणाऱ्यांना एका जागी असलेले मूल लवकर सापडते. शिक्षक रागावतील या भीतीने मुले कधी कधी हाकेला ओ देत नाहीत, अनोळखी माणूस दिसल्यास लपूनही बसतात. ‘हरवल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही’ हे वचन सहलीपूर्वीच द्यावे व ते पाळावे.

२. सावली व ऊब. अन्नावाचून माणूस कित्येक दिवस तग धरतो. कडक ऊन मात्र काही तासांतच घात करते. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून उन्हाळ्यात सावलीत बसावे व डोके झाकावे. हिवाळ्याच्या रात्री अंग कोरडे ठेवावे, वाऱ्याच्या आड बसावे आणि खाली वाळलेला पाला जाड पसरावा. अंगातील ऊब थंड जमीनच अधिक ओढून घेते.

३. पाणी. जवळचे पाणी तहान लागेल तसे प्यावे. ते राखून ठेवून उष्माघात ओढवून घेऊ नये. पाण्याच्या शोधात विहिरीत किंवा शेततळ्यात उतरू नये. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कडा निसरड्या असतात व त्यावरून वर चढता येत नाही. नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्याचे पाणी निवळ दिसते. परंतु फडक्याने गाळल्याने गढूळपणा जातो, रोगजंतू जात नाहीत. गटाबरोबर असताना पाणी उकळावे व उकळी फुटल्यावर एक मिनिट तसेच राहू द्यावे.

४. अनोळखी फळे. भूक लागली तरी रानातील अनोळखी फळ वा बी खाऊ नये. चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड, हिच्या बिया चवीला गोड लागतात. त्या खाऊन मुलांना उलट्या व जुलाब होतात. धोतराही तसाच विषारी आहे.

५. खूण. तीन शिट्ट्या, थोडा विसावा, पुन्हा तीन शिट्ट्या, ही मदतीची खूण होय. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र दीर्घकाळ वाजविता येते. रंगीत फडके उंच फांदीस बांधावे.

६. दिशा. हे ज्ञान एकट्या मुलाने चालू लागण्यासाठी नव्हे, तर शिक्षकांसह असलेल्या गटासाठी आहे. जमिनीत काठी रोवून सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा व वीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवावा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. ‘माध्यान्हीची सावली उत्तरेस पडते’ हा नियम मात्र येथे वर्षभर लागू पडत नाही. परभणीचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो व सावली दक्षिणेस पडते.

रात्री सप्तर्षीतील पुलह व क्रतु या दोन ताऱ्यांतून जाणारी रेषा क्रतुच्या पुढे त्यांच्यातील अंतराच्या पाचपट वाढविली असता ध्रुव सापडतो. हात लांब करून दोन मुठी एकीवर एक धरल्या असता क्षितिजापासून जेवढी उंची होते, सुमारे तेवढ्या उंचीवर तो येथे दिसतो.

तीन संकटे

वीज. मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडाशी वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आल्यास ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात जावे व शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. एकट्या उंच झाडाखाली कदापि उभे राहू नये. वीज पडलेल्या माणसास स्पर्श केल्याने धक्का बसत नाही. त्याचा श्वास थांबला असल्यास विलंब न लावता छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप निघण्यापूर्वी शिक्षकांनी मोबाईलवर घेऊन ठेवावे.

पूर. आकाश निरभ्र असतानाही नदी वाढू शकते. पैठणच्या जायकवाडीतून पाणी सोडले की गोदावरी आणि येलदरीतून सोडले की पूर्णा चढते. नदीपात्रात वा पात्रातील बेटावर मुलांना जेवावयास बसवू नये.

सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. दंश झालेल्या मुलास चालू देऊ नये. दंशाचा अवयव काठी व फडक्याच्या आधाराने स्थिर करावा. जखम कापणे, विष चोखणे, घट्ट दोरी आवळणे व मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी टाळाव्यात. औषध म्हणजे प्रतिविषच, व ते रुग्णालयात मिळते. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विंचूदंशावरही आता परिणामकारक उपचार आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले व त्यामुळे असंख्य प्राण वाचले आहेत.

प्रात्यक्षिक

शाळेच्या मैदानावर किंवा जवळच्या शेतात एका मुलाने झाडाआड बसावे व तीन शिट्ट्यांची खूण द्यावी. इतरांनी आवाजावरून त्यास शोधावे. दुसऱ्या खेपेस तेच मूल चालत राहील असे ठरवावे. दोन्ही वेळा शोधण्यास किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहावे. थांबण्याचे महत्त्व मुलांना त्या दोन आकड्यांवरून आपोआप पटेल.

स्वाध्याय

१. वाट चुकल्यास प्रथम काय कराल व का?
२. माध्यान्हीची सावली जूनमध्ये व डिसेंबरमध्ये कोणत्या दिशेस पडते ते शाळेच्या अंगणात पाहून लिहा.
३. आपल्या गावच्या शिवारातील ओढा, विहिरी, शेततळी व पक्क्या इमारती दाखविणारा नकाशा काढा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना सर्पदंशावरील टाळावयाच्या चार गोष्टी समजावून सांगा.