आधी डोळे बघावेत, मग डोकं

पोरी, धाडच्या शाळेवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं आणि फार बरं वाटलं. टीईटीसाठी पियाजे, वायगॉट्स्की, ब्रूनर सगळे घोकलेस, बालमानसशास्त्राचे ते ३० प्रश्न सोडवलेस. आता तेच प्रश्न हात वर करून, रडून, भांडून रोज तुझ्यासमोर उभे राहतील.

कानमंत्र बरेच आहेत, पण सगळ्यांचा गाभा एकच: मुलाबद्दल निकाल द्यायची घाई करायची नाही. मूल अडलं की आधी त्याचे डोळे-कान तपासायचे, मग भाषा, मग आपली शिकवायची रीत. बुद्धीवर बोट अगदी शेवटी ठेवायचं. दमानं वाच. सगळं सोमवारीच सुरू करशील आणि बुधवारी दमून बसशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आठवड्याला दोन-तीन सवयी पुरेत.

पहिला पंधरवडा

१. सगळ्यांची नावं पहिल्याच आठवड्यात पाठ कर — नावानं हाक मारलेलं लेकरू मागच्या ओळीतूनही उत्तर देतं, 'ए, तू' म्हटलेलं पुढच्या ओळीतही खाली बघतं.

२. मागच्या वर्षीचे गुण आल्याआल्या बघू नकोस, महिनाभरानं बघ — रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका शाळेत कुठलाही निकष न लावता काही मुलं निवडली आणि 'ही यंदा चमकतील' असं शिक्षकांना सांगितलं. पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच जास्त पुढे गेली. १९६८ साली हे छापून आलं. परिणाम किती मोठा यावर पुढे वाद झाले, पण आपली अपेक्षा नजरेतून आणि आवाजातून मुलापर्यंत पोचते हे वर्गात रोज दिसतं.

३. फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्याला आधी पुढे बसवून बघ, आणि हाकेला ओ न देणाऱ्याच्या मागे उभं राहून हळू बोलून बघ — कमी दिसणं आणि कमी ऐकू येणं, दोन्ही वर्गात 'लक्ष नाही' या नावाखाली खपतं. आधी डोळे बघावेत, मग डोकं.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल तेव्हा शंका असलेल्या मुलांची यादी हातात ठेव — डॉक्टर मुलाला काही मिनिटं बघतात, तू रोज बघतेस.

५. पेंगणाऱ्या मुलाला एकट्यात विचार, 'रात्री जेवलास का? झोपलास कधी?' — मॅस्लोनं १९४३ मध्ये मांडलेल्या गरजांच्या क्रमात भूक आणि झोप पहिल्या पायरीवर आहेत, हातच्याची बेरीज फार वर.

बोली आणि पुस्तक

६. घरची बोली वर्गात येऊ दे — आपल्या भागात एका घरी वऱ्हाडी, शेजारी उर्दू, तांड्यावर गोरमाटी, आणि जालन्याची हद्द जवळ म्हणून बोलण्यात मराठवाडी वळणही. पुस्तकातली मराठी बऱ्याच लेकरांना शाळेतच पहिल्यांदा भेटते.

७. उत्तर बोलीत आलं तर आधी 'बरोबर' म्हण, आणि मग तेच वाक्य पुस्तकी मराठीत सहज म्हणून दाखव — उत्तर आणि भाषा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात. घरची बोली दारात अडवली, की मूलही दारातच राहतं.

८. एखाद्याच्या भाषेला वर्ग हसला तर त्याच दिवशी त्या भाषेतली पाच नावं सगळ्यांना शिकव — आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलणारी घरं आहेत, आणि जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं अजून जुळलेलं नाही. पोरांना हे कळलं की हसू जातं आणि कुतूहल येतं.

९. धडा खडाखडा वाचला म्हणून खूश होऊ नकोस, 'आता तुझ्या घरच्या बोलीत सांग' म्हण — जीभ वाचते तेव्हा मन वाचतंच असं नाही.

शिकवताना

१०. प्रश्न विचारलास की मनात तीन आकडे मोज — मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास वर्ग तपासले, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. घाईचं उत्तर बाईंचं, थांबलेलं उत्तर पोरांचं.

११. लहान वर्गात आकडा फळ्यावर मांडण्याआधी हातात दे, चिंचोके दे, सरकी दे, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दे — तेवढंच पाणी उंच पेल्यात ओतलं की सात वर्षांखालची बरीच लेकरं 'जास्त झालं' म्हणतात, हे पियाजेनं दाखवलं. ती ढ नसतात, त्या वयात डोळ्यांना दिसतं तेच खरं वाटतं.

१२. एकट्यानं जमतं ते पुन्हा शिकवू नकोस, आणि मदत देऊनही जमत नाही ते आज नको. मदतीनं जमेल तेवढंच पुढचं पाऊल धर — वायगॉट्स्कीनं शिकण्याची खरी जागा याच दोहोंच्या मध्ये सांगितली. ती जागा प्रत्येक मुलाची वेगळी असते, म्हणून एकच गृहपाठ सगळ्यांना देऊन चालत नाही.

१३. मदत देताना ती कधी काढायची हेही ठरव — घर उभं राहिलं की गवंडी परांची उतरवतो. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये शिक्षकाच्या मदतीला परांचीचंच नाव दिलं. उतरवली नाही, तर पोरगं दर ओळीला तुझ्या तोंडाकडे बघत बसेल.

१४. एका दमात दोनच सूचना दे — मोठ्या माणसाच्या मनात एका वेळी सातेक गोष्टी राहतात असं मिलरनं १९५६ मध्ये लिहिलं, पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा चारच्या आसपास आणला, आणि लेकरांचा तर त्याहून कमी. 'वही काढा, तारीख टाका, समास आखा, पान उघडा' यातलं समासापाशी हरवलेलं मूल उद्धट नसतं.

१५. नवं गणित आधी पूर्ण सोडवून दाखव, पुढच्यात शेवटची पायरी मुलांना करू दे, मग शेवटच्या दोन, मग सगळं — जमल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळाला तर दुसऱ्या दिवशी वही आपणहून उघडते.

१६. चुकलेलं उत्तर खोडण्याआधी 'कसं आणलंस?' विचार — ५२ मधून १८ वजा करून ४६ आणणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत असतं. चुकीलाही नियम असतो. तो सापडला की दुरुस्ती एका ओळीची.

लक्षात राहावं म्हणून

१७. तास सुरू करताना कालचा एक प्रश्न, मागच्या आठवड्याचा एक आणि मागच्या महिन्याचा एक विचार — एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून जास्त जातात. अर्थ असलेलं जास्त टिकतं, पण उजळणीवाचून तेही जातंच.

१८. 'पुन्हा वाचा' पेक्षा 'पुस्तक मिटा आणि आठवेल ते सांगा' हे जास्त वेळा म्हण — रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, आठवड्यानं मात्र आठवून बघणारे पुढे गेले. दोनदा वाचलं ते डोळ्यांचं, एकदा आठवलं ते आपलं.

शाबासकी आणि शिस्त

१९. 'हुशार आहेस' म्हणण्यापेक्षा 'तीनदा खोडलंस आणि चौथ्यांदा जमवलंस' म्हण — म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की बुद्धीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपं काम निवडतात आणि अपयश आलं की लवकर सोडतात.

२०. मूल आवडीनं करतंय त्या कामाला बक्षिसाचं आमिष लावू नकोस — लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात प्रमाणपत्र कबूल करून चित्रं काढून घेतलेली बालवाडीची मुलं पुढे इतरांच्या निम्मा वेळच चित्रांत रमली. न सांगता दिलेल्या शाबासकीनं तसं झालं नाही.

२१. छडी वर्गात नको आणि बोलण्यातही नको — २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मार आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं, कारण घाबरलेलं लेकरू उत्तर शोधत नाही, तुझा चेहरा वाचत राहतं. छडीला वाचता येत नाही, ती शिकवणार काय?

२२. दंगेखोराशी बाजूला नेऊन, हळू आवाजात बोल — १९६१ च्या बांडुराच्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तसंच केलं. तू ओरडून शांतता मागशील, तर वर्ग ओरडणं तेवढं उचलेल.

प्रत्येकाची वेगळी तऱ्हा

२३. 'हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते' असे शिक्के मारू नकोस — पाश्लर आणि इतरांनी २००८ मध्ये सगळे पुरावे तपासले, आणि असं वाटून शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा आधार मिळाला नाही. एकच गोष्ट दाखवून, सांगून, करवून सगळ्यांनाच शिकव.

२४. शेळीचं वय दातांवरून सांगणाऱ्या मुलाला ते वर्गासमोर सांगू दे — गार्डनरनं १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, त्यावर मतभेदही आहेत. पण गुणपत्रिकेबाहेर बघायची सवय त्यातून नक्की घ्यावी.

२५. खूप दिवस अक्षरांत अडणाऱ्या, पण तोंडी चटपटीत उत्तर देणाऱ्या मुलाबद्दल गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोल — २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. निदान तज्ज्ञांनी करायचं, आपण नीट टिपून ठेवायचं.

२६. लवकर संपवणाऱ्याला तसलीच आणखी दहा गणितं देऊ नकोस, एकच अवघड दे — अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती तल्लख मुलांनाही वेगळं खाद्य लागतं म्हणूनच. कंटाळलेली हुशारी खिडकीबाहेर जाते.

२७. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या लेकराचं शिक्षण हमी कार्ड वेळेत भर, आणि त्याची वही वर्गातच जपून ठेव — परत आल्यावर जागा रिकामी दिसली, तरच ते पुन्हा बसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपल्याला निदान जागा राखता येईल.

घर आणि तू

२८. पालक बाजारात भेटले तर आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांग — एरवी शाळेचा निरोप म्हणजे तक्रार असं घरानं धरून ठेवलेलं असतं, आणि त्याचा राग संध्याकाळी लेकरावर निघतो.

२९. शाळेत न गेलेल्या आईला 'अभ्यास घ्या' म्हणू नकोस, 'आज काय शिकलास ते मला शिकव, असं रोज म्हणा' एवढंच सांग — दुसऱ्याला समजावताना स्वतःचं पक्कं होतं, आणि माउलीलाही मान मिळतो.

३०. रोज संध्याकाळी वहीत तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिही — महिनाअखेर ज्यांचं नाव एकदाही आलं नाही, ती मुलं तुझ्या वर्गात होती, पण तू त्यांना बघितलेलं नाहीस. पुढचा महिना त्यांच्यापासून सुरू कर.

३१. वर्ष संपलं की ती वही पुढच्या वर्गाच्या बाईंना दे, आणि त्यात 'काय येतं, कशानं येतं, कुठं अडतं' एवढंच असू दे — 'ढ', 'आळशी', 'वात्रट' यांतला एकही शब्द पुढच्या बाईंना शिकवायला उपयोगी पडत नाही. मूल वरच्या वर्गात जाऊ दे, शिक्का पाठवू नकोस.