वृद्ध कुत्र्याचे मूत्रपिंडविकार

पनवेल तालुक्यातील कळंबोली येथे सिडकोची वसाहत उभी राहिली, तरी राखणीसाठी कुत्रा पाळण्याची रीत टिकून आहे. साधारणपणे ७ ते ८ वर्षांनंतर कुत्र्यास वार्धक्य येऊ लागते. तोंडावरील केस पांढरे होतात, दृष्टी मंदावते. मूत्रपिंडांची झीज मात्र डोळ्यांस दिसत नाही. त्यांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग निकामी झाल्यावर पहिले लक्षण प्रकट होते : कुत्रा वारंवार पाणी पितो व फिकट लघवी पुष्कळ करतो.

रात्री घरात लघवी होते म्हणून काही जण त्याचे पाणी तोडतात. ही घातक चूक होय. झिजलेली मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत. शरीरातून गेलेले पाणी भरून काढण्यासाठीच तो पीत असतो. पाणी तोडल्यास रक्तातील विषारी द्रव्ये वाढून तो दगावण्याचा संभव असतो.

यास्तव स्वच्छ पाणी सदैव समोर ठेवावे. मधुमेहातही हेच लक्षण दिसते, म्हणून रक्त व लघवी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी. माणसांची वेदनाशामक औषधे देऊ नयेत. कळंबोलीचा भाग सखल आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा जंतूंची बाधा होऊन मूत्रपिंडे बिघडतात. प्रतिबंधक लस दरवर्षी टोचून घ्यावी. झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. उरलेला राखणे मात्र पाळणाऱ्याच्या हाती आहे.