घटक ६ : डोळ्यासारखी पाहणारी चिप

६.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• दृष्टिपटलाचे कार्य व त्यावरून घडवलेल्या चिपचे तत्त्व सांगता येईल.
• या चिपची उपयुक्तता व मर्यादा परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

६.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, खानदेशात मक्याची कणसे भरू लागली की रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. माळ्यावर बसलेला राखणदार प्रत्येक ताट निरखीत नाही. सारे स्तब्ध असताना काही हलले की त्याची नजर तिकडे वळते. ते रानडुक्कर आहे की शेजाऱ्याचे वासरू, हे तो ओळखतो. यंत्राला असे पाहता येईल का?

६.३ विषय-विवेचन
मानवी दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी प्रकाशग्राही पेशी असतात. तेथून मेंदूकडे जाणारे चेतातंतू मात्र सुमारे १० लाखच. म्हणजेच निवडीला डोळ्यातच प्रारंभ होतो. कडा, बदल व हालचाल यांना प्राधान्य मिळते. नेहमीचा कॅमेरा याउलट प्रत्येक चित्र संपूर्ण टिपतो. संगणक ती माहिती स्मृती व प्रक्रियक यांच्यात सतत ने-आण करतो आणि त्यातच पुष्कळ वीज खर्च होते.

अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत मिशा माहोवाल्ड व कार्व्हर मीड यांनी दृष्टिपटलाचे अनुकरण करणारी सिलिकॉन चिप घडवली; १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांनी तिचा परिचय करून दिला. पुढे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी धर्मेंद्र मोधा यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने २०१४ मध्ये ‘ट्रूनॉर्थ’ ही चिप सादर केली. तीत १० लाख कृत्रिम चेतापेशी असून स्मृती व गणन शेजारी-शेजारी आहेत. रस्त्याच्या चलच्चित्रातील माणसे, सायकली व मोटारी ओळखताना तिला अवघी ६३ मिलिवॅट वीज लागली. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला याच्या सुमारे १४० पट वीज लागते.

६.४ उपयुक्तता व मर्यादा
वीज व नेटवर्क यांची शाश्वती नसलेल्या शिवारात हा फरक मोलाचा आहे. लहान बॅटरीवर चालणारी चिप रात्रभर राखण करू शकली, तर शेतकऱ्याला झोप मिळेल. परंतु शहरातील रस्त्यावर शिकलेली चिप रानडुक्कर ओळखणार नाही. तिला येथील शिवार, येथील जनावरे दाखवावी लागतील. आणि कोणत्या चित्रात काय आहे, हे राखणदारालाच सांगावे लागेल. त्याच्या अनुभवाखेरीज ही चिप डोळस होत नाही.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. दृष्टिपटल व नेहमीचा कॅमेरा यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या कामात अशी चिप कशी उपयोगी पडेल व तिला काय शिकवावे लागेल, ते लिहा.