चालू कॅमेरा मध्येच का थांबतो?

लग्नाच्या चित्रीकरणाचा धंदा आपल्या समाजातील अनेक तरुण करतात. या मंडळींची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. खुतबा चालू असतो, कॅमेरा स्टँडवर लावलेला असतो आणि इजाब-कबूलच्या ऐन वेळी पाहावे तर चित्रीकरण बंद. निकाह काही कॅमेऱ्यासाठी पुन्हा पढवला जात नाही. गिऱ्हाईक पैसे कापते ते वेगळेच. यंत्र बिघडले असे समजून काही जण कॅमेरा दुरुस्तीला टाकतात. पुष्कळदा त्यात बिघाड नसतोच.

पहिले कारण कार्डाचे. ३२ जीबीपर्यंतच्या एसडी कार्डावर 'फॅट ३२' नावाची मांडणी असते. खतावणीत रकमेच्या रकान्याला ठरावीक घरे असावीत, तसा या मांडणीत फाइलचा आकार लिहिण्यास ३२ बिटांचीच जागा असते. त्यामुळे एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही, मग कार्ड कितीही रिकामे असो. हिशेब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट लिहीत असेल तर ते सव्वासहा मेगाबाइट झाले. ४ जीबी म्हणजे सुमारे ४,३०० मेगाबाइट. भागाकार केला की साडेअकरा मिनिटे येतात. १०० मेगाबिटला याच्या निम्मी.

२००८ साली आलेला कॅननचा फाइव्ह डी मार्क टू असाच सुमारे १२ मिनिटांत थांबे. २०१२ च्या मार्क थ्रीने ४ जीबी भरताच आपोआप दुसरी फाइल सुरू करण्याची सोय केली. तरीही २९ मिनिटे ५९ सेकंदांना तो थांबतोच.

हा एक सेकंद कमी का? उत्तर कारखान्यात नाही, जकातीत आहे. युरोपीय संघात फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्याला आयात जकात माफ होती. मात्र चांगल्या दर्जाचे चित्रण सलग ३० मिनिटे करू शकणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर सुमारे पाच टक्के जकात बसे. ती चुकवण्यास कंपन्यांनी ही मर्यादा घातली व बहुतेकांनी तोच माल जगभर विकला. भुर्दंड युरोपचा, अडचण आपल्या मांडवात! पॅनासॉनिकने २०१४ च्या जीएच फोरमध्ये मात्र युरोपच्या मालालाच ही मर्यादा ठेवली. पुढे २०१५ च्या जागतिक व्यापार करारानंतर ही जकात टप्प्याटप्प्याने गेली आणि अनेक नव्या कॅमेऱ्यांत ही अट राहिली नाही. जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यात ती आहेच.

३२ जीबीहून मोठ्या कार्डावर 'एक्सफॅट' मांडणी असते, तिला ४ जीबीचे बंधन नाही. पण नवे कार्ड घातले म्हणून जुना कॅमेरा सुधारतो असे नाही. काही कॅमेरे तरीही ४ जीबीलाच फाइल तोडतात. मे महिन्यातील मांडवात कॅमेरा तापूनही थांबतो, ते निराळे.

आमची सूचना अशी की, खुतबा सुरू होण्याआधी चित्रीकरण थांबवून लगेच नव्याने सुरू करावे, म्हणजे मोजणी शून्यापासून होते. दुसरा कॅमेरा असल्यास तो दहा मिनिटे मागेपुढे सुरू करावा. कॅमेरा विकत घेण्यापूर्वी चाळीस मिनिटे सलग चालवून पाहावा. मात्र तो कोऱ्या भिंतीकडे रोखू नये, कारण स्थिर चित्राला जागा कमी लागते व हिशेब फसतो. वाहत्या रस्त्याकडे रोखावा आणि चौकटीच्या कोपऱ्यात सेकंद काटा असलेले घड्याळ ठेवावे. दोन फाइलींच्या सांध्यात किती सेकंद गळाले ते त्यावरून कळते.