मुक्त व्यावसायिक आणि माहितीची साधने : निवडीचे अर्थशास्त्र

माहिती तंत्रज्ञानाच्या विस्ताराबरोबर भारतातील रोजगाराचे स्वरूप झपाट्याने बदलत आहे. एका मालकाकडे आयुष्यभर नोकरी करण्याऐवजी अनेक ग्राहकांची कामे स्वतंत्रपणे करणारा वर्ग वाढतो आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल, असा अंदाज त्यात वर्तविण्यात आला. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये पारंपरिक मालक-कामगार संबंधांबाहेर राहून काम करणाऱ्या या वर्गाची व्याख्या प्रथमच करण्यात आली.

या वर्गाच्या कौशल्याधारित गटात आकडेवारीचे विश्लेषण करून ग्राहकांना नियमित अहवाल देणारे व्यावसायिक मोडतात. विक्री, साठा, जाहिरात किंवा लाभार्थ्यांविषयीची माहिती एकाच पडद्यावर तक्ते व आलेखांच्या रूपाने मांडणाऱ्या साधनाला डॅशबोर्ड म्हणतात. शासनानेही या पद्धतीचा स्वीकार केला असून, नीती आयोगाचा २०१८ पासूनचा शाश्वत विकास उद्दिष्टांचा निर्देशांक व त्याचा डॅशबोर्ड हे त्याचे परिचित उदाहरण आहे. मोठ्या संस्थेत अशा साधनाचा खर्च संस्था करते. मुक्त व्यावसायिकाला मात्र तो स्वतःच्या मिळकतीतून भागवावा लागतो. म्हणूनच योग्य संगणक प्रणालीची निवड हा त्याच्यासाठी तांत्रिक प्रश्नाइतकाच उपजीविकेचाही प्रश्न ठरतो.

मोफत आवृत्ती का मिळते?

माहिती-वस्तूंचे एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. संगणक प्रणालीची पहिली प्रत तयार करण्याचा खर्च प्रचंड असतो, परंतु पुढील प्रत्येक प्रतीचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे उत्पादक एकाच वस्तूच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढून ग्राहकाच्या ऐपतीनुसार किंमत आकारतो. हा किंमत-भेदाचाच एक प्रकार होय.

गूगलने २०१६ मध्ये सुरू केलेल्या व २०२२ मध्ये लुकर स्टुडिओ असे नामांतर झालेल्या साधनाची मूळ आवृत्ती विनामूल्य ठेवण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये स्वतःच्या संगणकावर अहवाल तयार करण्यास शुल्क नाही. तो इतरांना खासगीरीत्या उपलब्ध करून देण्यासाठी मात्र सामान्यतः सशुल्क परवाना लागतो. टॅब्लो पब्लिक मोफत असले तरी त्यावर प्रसिद्ध केलेले काम सर्वांना पाहता येते. ग्राहकाच्या गोपनीय विक्रीच्या आकड्यांसाठी ते म्हणूनच उपयोगाचे नाही. चेन्नईस्थित झोहोचे अ‍ॅनालिटिक्स तसेच मेटाबेस व अपाचे सुपरसेट ही मुक्त स्रोत साधने हे अन्य पर्याय आहेत.

खर्चाची खरी मोजणी

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका व्यावसायिकाचे पाच ग्राहक आहेत. प्रत्येकाच्या मासिक अहवालास हाताने सहा तास लागतात, तर योग्य साधनाने दोन तास पुरतात. म्हणजे महिन्याला २० तास वाचतात. तासाला ४०० रुपये मिळत असतील, तर या वेळेचे मूल्य ८,००० रुपये होते. अर्थात वाचलेल्या वेळात दुसरे काम मिळाले, तरच ही रक्कम खरी. निम्म्याच तासांना काम मिळाले, तर लाभ ४,००० रुपयांवर येतो. वैकल्पिक खर्चाची संकल्पना येथे नेमकी लागू पडते.

आता खर्चाची बाजू पाहू. पॉवर बीआय प्रो या परवान्याचा अमेरिकेतील जाहीर दर एप्रिल २०२५ मध्ये दरमहा दरडोई १० डॉलरवरून १४ डॉलर झाला. हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर ९० रुपयांचा धरल्यास, १८ टक्के वस्तू व सेवा करासह एका परवान्यास सुमारे १,४८७ रुपये पडतात. मात्र अहवाल पाहणाऱ्यालाही परवाना लागतो. प्रत्येक ग्राहकाकडील दोघांना प्रवेश द्यायचा, तर व्यावसायिकासह ११ परवाने होतात आणि मासिक खर्च सुमारे १६,३५५ रुपयांवर जातो. हा खर्च लाभाच्या दुप्पट आहे! एका परवान्याला स्वस्त वाटणारे साधन वाचकसंख्या वाढताच तोट्याचे ठरते.

मुक्त स्रोत प्रणालीला परवाना शुल्क नसते, तथापि ती चालविण्यास सर्व्हर, राखीव प्रती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. सर्व्हरचे भाडे १,००० रुपये व देखभालीचे चार तास धरल्यास महिन्याला २,६०० रुपये होतात. उभारणीचा प्रारंभिक वेळ वेगळाच. एकट्याच्या वापरासाठी हा ‘मोफत’ पर्याय सशुल्क परवान्याहून महाग पडतो. परंतु वाचक ११ झाले, तरी त्याचा खर्च फारसा वाढत नाही. तात्पर्य, एक पर्याय प्रामुख्याने स्थिर खर्चाचा, तर दुसरा प्रामुख्याने बदलत्या खर्चाचा आहे. कोणता स्वस्त, हे वापराच्या प्रमाणावर अवलंबून राहते.

करविषयक बाजू

सेवा पुरविणाऱ्यांसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपये, तर काही विशेष राज्यांत १० लाख रुपये आहे. या मर्यादेखालील नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला साधनावर भरलेल्या कराची जमा, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत नाही. कर हा त्याच्या खर्चाचाच भाग बनतो.

आयकरात तांत्रिक सल्ला, लेखाकर्म यांसारख्या विनिर्दिष्ट व्यवसायांसाठी अनुमानित करआकारणीची सोय आहे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम ठेवण्यात आली. तीनुसार ढोबळ प्राप्तीच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न समजली जाते व प्रत्यक्ष खर्चाची स्वतंत्र वजावट मिळत नाही. त्यामुळे ही पद्धत स्वीकारणाऱ्यास साधनावरील वाढीव खर्चाने करात कोणतीही अतिरिक्त सवलत लाभत नाही.

अडकून पडण्याचा धोका

कार्ल शापिरो व हॅल व्हेरियन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस माहिती-अर्थव्यवस्थेतील ‘बदलाचा खर्च’ ही संकल्पना विस्ताराने मांडली. एकदा सर्व सूत्रे, तक्ते व ग्राहकांच्या सवयी एका प्रणालीत रुजल्या, की दर वाढले तरी ती सोडणे महाग पडते. यावर उपाय म्हणजे मूळ माहिती सर्वमान्य, सहज बाहेर काढता येणाऱ्या स्वरूपात स्वतंत्रपणे जतन करणे आणि अहवालातील सूत्रांची लेखी नोंद ठेवणे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, त्यामागेही परावलंबन टाळण्याचा विचार होता.

अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुळे या निवडीला कायदेशीर परिमाणही लाभले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. सुरक्षेच्या उपाययोजनांत कसूर झाल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. प्राथमिक जबाबदारी माहितीचा हेतू ठरविणाऱ्या संस्थेची असली, तरी करारान्वये तिची झळ व्यावसायिकापर्यंत पोहोचू शकते. अहवालात नावे व दूरध्वनी क्रमांक न घेता केवळ एकत्रित आकडे घेणे, ही यावरची सर्वांत स्वस्त खबरदारी होय.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून एक क्रम सुचविता येतो. प्रथम, ग्राहकाला खरोखर सतत अद्ययावत होणारा डॅशबोर्ड हवा आहे, की महिन्यातून एकदा छापील स्वरूपाचा अहवाल पुरेसा आहे, हे ठरवावे. दुसऱ्या स्थितीत विनाशुल्क आवृत्ती बहुधा पुरते. सतत पाहण्याची गरज असल्यास परवाने ग्राहकाच्या नावे व त्याच्या खर्चाने घ्यावेत. त्यामुळे माहितीचा ताबाही त्याच्याकडेच राहतो. हे शक्य नसेल आणि वाचक अनेक असतील, तर तांत्रिक कौशल्य असलेल्याने मुक्त स्रोत पर्यायाचा विचार करावा. संघटित क्षेत्रातील कर्मचाऱ्यामागे संस्थेचे भांडवल उभे असते. मुक्त व्यावसायिकाला भांडवल, जोखीम आणि श्रम हे तिन्ही स्वतःच पेलावे लागतात. दरमहा काही हजारांची चुकीची वर्गणी हा त्याच्या बाबतीत थेट मजुरीतील कपातीचाच प्रकार असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहिती-वस्तूंच्या बाबतीत सीमांत खर्च व किंमत-भेद यांचा संबंध स्पष्ट करा.
२. ‘मोफत प्रणाली खर्चमुक्त नसते.’ स्थिर खर्च, बदलता खर्च व वैकल्पिक खर्च यांच्या आधारे चर्चा करा.
३. गिग कामगारांच्या उत्पादकतेत अंकीय साधनांचे स्थान व त्यातील जोखमी सांगा.